वैनगंगेची रोजकीर्द

गोंडपिपरीकडून आष्टीला जाताना वैनगंगेचा पूल लागतो. अलीकडे चंद्रपूर जिल्हा, पलीकडे गडचिरोली. मे महिन्यात एसटीच्या खिडकीतून खाली पाहिले तर वाळूच वाळू दिसते आणि तिच्या कडेने पाण्याची एक निळसर पट्टी. इथे केंद्रीय जल आयोगाचे मोजणी केंद्र आहे. काठावर आकडे रंगवलेल्या मोजपट्ट्या उभ्या असतात. रोज सकाळी कोणीतरी तिथे उतरतो, पाणी कोणत्या आकड्याला टेकले आहे ते पाहतो आणि वहीत लिहितो. पुराच्या दिवसांत हेच काम तासातासाला चालते, रात्रीसुद्धा. एखाद्या मोठ्या प्रकल्पाचा अहवाल निघतो, त्यात नदीत अमुक इतके पाणी उपलब्ध आहे असे वाक्य असते, आणि त्या वाक्याच्या तळाशी शेवटी ही वही असते.

या वहीच्या नादाला मी लागलो त्याला आता बरीच वर्षे झाली. मी शिकलो वाणिज्य. मूलमध्ये राईस मिलचा हिशेब लिहिण्यात माझी उमेद गेली. जलशास्त्राचा एकही वर्ग मी कॉलेजात बसून केलेला नाही. जे आले ते पुस्तकांतून, इंटरनेटवरच्या व्याख्यानांतून आणि मुख्यतः चुकांतून. पण हिशेबनीसाला एक सवय असते. रोजकीर्द वेगळी, खतावणी वेगळी, आणि ताळा जमला तरी तो का जमला हे पाहिल्याशिवाय त्याला झोप येत नाही. दोन चुका एकमेकींना खाऊन टाकतात तेव्हाही ताळा जमतो. नदीच्या संगणकीय प्रतिरूपाबद्दल, म्हणजे मॉडेलबद्दल, मला जे सांगायचे आहे ते याच सवयीतून आलेले आहे.

हे आताच सांगण्याचे कारण वैनगंगा–नळगंगा जोड प्रकल्प. ऑगस्ट २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने त्याला मान्यता दिली. गोसीखुर्दच्या जलाशयातून वर्षाला १,७७२ दलघमी पाणी उचलून ४२६ किलोमीटर लांबीच्या कालव्याने पश्चिम विदर्भात न्यायचे, थेट बुलढाणा जिल्ह्यातल्या नळगंगा धरणापर्यंत, आणि वाटेतल्या सहा जिल्ह्यांत सुमारे ३ लाख ७१ हजार हेक्टर भिजवायचे, असा तो बेत आहे. गोसीखुर्दचा उपयुक्त साठा आहे ७४० दलघमी. न्यायचे आहे त्याच्या दुपटीहून बरेच अधिक. यात विसंगती काही नाही. नदी वाहत असताना उचलत राहायचे, असा त्याचा अर्थ. मात्र मग सगळी भिस्त साठ्यावर न राहता प्रवाहावर येते. कोणत्या महिन्यात नदीत किती पाणी असते, किती वर्षांत ते तेवढे नसते, आणि उचलल्यावर खाली आरमोरी, गडचिरोली, चामोर्शीच्या बाजूला काय उरते? या प्रश्नांची उत्तरे मॉडेल देते. पश्चिम विदर्भाला पाणी हवे आहे आणि ते द्यायला कोणाची ना असण्याचे कारण नाही. पण जे ‘अतिरिक्त’ म्हणून मोजले जाते ते खरोखर अतिरिक्त आहे का, हे ज्यांच्या दारावरून नदी जाते त्यांनी विचारले तर त्यात वावगे काय?

या नदीबद्दल असे भाकीत पहिल्यांदाच होते आहे असेही नाही. एकोणिसाव्या शतकात आर्थर कॉटन यांच्या आग्रहावरून गोदावरी, प्राणहिता आणि वर्धा या नद्यांतून नावा चालवण्याची योजना इंग्रजांनी हाती घेतली होती. अमेरिकेत यादवी युद्ध पेटले होते, मँचेस्टरला कापूस हवा होता, आणि वऱ्हाड-हिंगणघाटचा कापूस नदीतून थेट बंगालच्या उपसागरापर्यंत उतरवण्याचा विचार होता. वाटेत खडकांचे तीन मोठे अडथळे: दुम्मागुडम, इंचमपल्ली आणि आपल्या अहेरीजवळचे देवलमरी. त्यांना वळसा घालणारे कालवे आणि बांध बांधायला सुरुवात झाली. प्रश्न तोच होता, वर्षातले किती महिने नावेपुरती खोली मिळेल? मोठा खर्च झाल्यावर १८७१ मध्ये काम सोडून देण्यात आले. तोवर, १८६७ मध्ये, आगगाडी नागपूरला येऊन पोचली होती. योजना बुडण्याची कारणे अनेक, पण पावसाळ्यातली नदी पाहून उन्हाळ्यातल्या नदीवर विसंबणे हा मोह तेव्हापासूनचा आहे एवढे म्हणायला हरकत नाही.

आता मॉडेल म्हणजे काय ते थोडक्यात. खोऱ्याचे लहान-लहान तुकडे पाडायचे. प्रत्येक तुकड्याला माती, उतार, पीक किंवा जंगल नेमून द्यायचे. मग वर्षानुवर्षांचा रोजचा पाऊस त्यावर पाडायचा. हवामान खात्याची चौकटीचौकटींत विभागलेली पावसाची आकडेवारी १९०१ पासूनची मिळते. पडलेल्या पावसातले किती वाहून गेले, किती मुरले, किती झाडांनी आणि उन्हाने परत नेले, मुरलेल्यातले किती पुढे झऱ्यावाटे नदीत आले, याची गणिते मॉडेल रोज मांडते आणि शेवटी नदीचा रोजचा प्रवाह सांगते. ‘स्वॅट’ नावाचे असे एक मॉडेल अमेरिकेच्या कृषी खात्याच्या संशोधकांनी तयार केलेले आहे. ते फुकट मिळते आणि साध्या संगणकावर चालते. त्यात अनेक खुंट्या असतात, तंबोऱ्याला असतात तशा. मातीत पाणी किती वेगाने मुरते, भूजल नदीला किती सावकाश सोडते, अशा गोष्टींचे नेमके आकडे कोणालाच ठाऊक नसतात. म्हणून मोजलेल्या प्रवाहाशी सूर लागेपर्यंत खुंट्या पिळायच्या. याला अंशशोधन म्हणतात. आणि सूर लावताना जी वर्षे वापरली नव्हती, त्या वर्षांवर तो टिकतो का हे पाहायचे, ही पडताळणी.

गोदावरी खोऱ्यातली मोजणी केंद्रांची आकडेवारी सुदैवाने खुली आहे. गंगा, ब्रह्मपुत्रा, सिंधूसारखी ती गोपनीय नाही. आपल्या भागातली तीन केंद्रे महत्त्वाची. वैनगंगेवर आष्टी, वर्धा नदीवर बल्लारपूरजवळचे बामणी, आणि दोघी मिळून प्राणहिता झाल्यावर सिरोंचा तालुक्यातले टेकडा. आष्टीच्या वरचे पाणलोट क्षेत्र सुमारे ५१ हजार चौरस किलोमीटर, बामणीच्या वरचे ४६ हजार, आणि टेकड्याच्या वरचे जवळपास १ लाख ९ हजार. म्हणजे वरच्या दोन केंद्रांनी न पाहिलेला मुलूख फक्त अकरा-बारा हजार चौरस किलोमीटरचा. कोणतेही मॉडेल लावण्याआधी मी सगळ्यांना एक साधा हिशेब सुचवतो. एका पावसाळ्यात आष्टी आणि बामणी इथून गेलेल्या पाण्याची बेरीज करा आणि ती टेकड्याच्या आकड्याशी ताडून पाहा. टेकड्याला बेरजेपेक्षा थोडे जास्त पाणी भरले पाहिजे, कारण मधला मुलूख अहेरीकडच्या दाट पावसाच्या जंगलाचा आणि पलीकडच्या तेलंगणातल्या ओढ्यांचा आहे. एखाद्या वर्षी कमी भरले तर तीनपैकी एक तरी वही चुकली आहे. अशा वर्षावर मॉडेलचा सूर लावणे म्हणजे बेसूर पेटीवर गाणे बसवणे.

वही चुकते कशी, हेही समजून घेतले पाहिजे. आपण ‘मोजलेला प्रवाह’ म्हणतो, पण रोज मोजली जाते ती पातळी. प्रवाह मोजायचा तर नाव घालून, पात्राच्या रुंदीत जागोजागी खोली आणि वेग घ्यावा लागतो. अशा अनेक मोजण्यांवरून पातळी आणि प्रवाह यांचा एक वक्र काढतात. आपल्यापुढे येणाऱ्या आकड्यांपैकी काही या वक्रावरूनच वाचलेले असतात, आणि पूर जितका मोठा तितकी ही शक्यता जास्त. वैनगंगेचे पात्र वाळूचे. मोठा पूर आला की वाळू हलते, तळ खाली-वर होतो, आणि तीच पातळी असताना वेगळा प्रवाह वाहू लागतो. वाळूउपशानेही तेच होते. शिवाय सर्वांत मोठ्या पुरात नाव घालता येत नाही, म्हणून वक्राचे वरचे टोक अंदाजानेच लांबवलेले असते. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस सिवनीच्या संजय सरोवराचे पाणी खाली आले, गोसीखुर्दचे तेहेतीसही दरवाजे उघडले आणि ब्रह्मपुरी-वडसा पट्टा पाण्याखाली गेला. अशा दिवशी नोंदवलेल्या प्रवाहाच्या आकड्यात किती मोजणी आणि किती अंदाज, हे तारतम्य ठेवावे लागते. खाली बॅरेज बांधून पाणी अडवले की आणखी एक पेच येतो. फुगवट्याने पातळी वर येते, प्रवाह मात्र तेवढाच असतो. जुना वक्र मग खोटे सांगू लागतो. मेडिगड्डा बॅरेज २०१९ मध्ये सुरू झाल्यापासून सिरोंचा तालुक्यातले शेतकरी फुगवट्याच्या पाण्याने शेते बुडाल्याची तक्रार करत आले आहेत. तिथे प्रश्न प्रवाहाचा नसून पातळीचा आहे, आणि एकाची पडताळणी दाखवून दुसऱ्याचे उत्तर देता येत नाही.

माझी स्वतःची एक फजिती सांगतो. सुरुवातीला माझ्या मॉडेलचे पूर नदीतल्या पुरापेक्षा नेहमी एक दिवस मागेपुढे यायचे. मी तीन महिने खुंट्या पिळत बसलो, मातीचे आकडे बदलले, पात्राचा खडबडीतपणा बदलला. चूक कुठे होती? पाऊस सकाळी साडेआठला मोजतात आणि त्या तारखेला लिहिलेला पाऊस हा आदल्या चोवीस तासांतला असतो. पाच तारखेचा म्हणून जो आकडा आहे त्यातला बहुतेक पाऊस चार तारखेला पडून गेलेला. तारखेचा मेळ घातला आणि पूर जागेवर आले. पण त्याआधी, चुकीच्या खुंट्या पिळूनही, मी सूर जवळजवळ लावत आणला होता! ते आठवले की आजही अंगावर काटा येतो. मॉडेल इतके लवचीक असते की चुकीच्या तारखेलासुद्धा ते सांभाळून घेते. इंग्लंडचे जलशास्त्रज्ञ कीथ बेव्हन यांनी हा मुद्दा आयुष्यभर लावून धरला: खुंट्यांचे अगदी वेगवेगळे मेळ तितकेच चांगले उत्तर देतात, आणि त्यातला खरा कोणता हे प्रवाहाच्या एका आलेखावरून ठरत नाही.

तरी अहवालात गुण देताना एकच आकडा पुढे केला जातो. नॅश आणि सटक्लिफ यांनी १९७० मध्ये तो सुचवला. मॉडेल आणि नोंद तंतोतंत जुळले तर १. मॉडेलऐवजी नुसती सरासरी लिहिली असती तरी इतकेच जमले असते, अशी अवस्था असेल तर ०. महिन्यांच्या आकड्यांसाठी ०.५ च्या वर असेल तर समाधानकारक म्हणण्याचा प्रघात २००७ पासून रूढ झाला आहे. आता या आकड्याच्या पोटात शिरू. यात रोजच्या फरकाचा वर्ग करून बेरीज घेतात. समजा, पुराच्या दिवशी नदीत २०,००० घनमीटर प्रतिसेकंद पाणी होते आणि मॉडेलने १९,००० सांगितले. फरक १,०००, वर्ग दहा लाख. मे महिन्यात नदीत २० होते आणि मॉडेलने ४० सांगितले. फरक २०, वर्ग ४००. पुराच्या दिवशीची चूक शेकडा पाच, मे महिन्यातली दुप्पट. पण गुणांच्या हिशेबात पुराचा तो एक दिवस मे महिन्यातल्या अशा अडीच हजार दिवसांच्या बरोबरीचा ठरतो. उन्हाळ्याचे चार महिने धरले तर वीस वर्षांचे उन्हाळे! वीस वर्षे उन्हाळ्याचे पाणी दुप्पट दाखवत राहिले तरी गुणपत्रिकेवर त्याचा डाग दिसत नाही.

दुसरी गोम आपल्या मोसमी नद्यांची. इथे तुलना ज्या सरासरीशी केली जाते ती सरासरीच निरर्थक असते. वैनगंगेत वर्षभराच्या सरासरीइतके पाणी क्वचितच एखाद्या दिवशी असेल. जुलै ते सप्टेंबर भरपूर पाणी आणि नंतर ओसरते, एवढे ज्याला कळते त्याला हा आकडा बरे गुण देऊन टाकतो. तेवढे तर आमच्या मिलवरच्या हमालालाही ठाऊक आहे. म्हणून अहवालात ०.८ दिसला की मी विचारतो, फेब्रुवारी ते मे वेगळे काढून दाखवा. वाहत्या प्रवाहाचे लॉगरिदम घेऊन हाच आकडा काढला तर लहान प्रवाहांना तोंड फुटते. ते एका ओळीचे काम आहे, पण क्वचितच केलेले दिसते.

चेक जलशास्त्रज्ञ व्हित क्लेमेश यांनी १९८६ मध्ये आणखी कडक कसोटी सांगितली. मॉडेल ज्या बदललेल्या परिस्थितीसाठी वापरायचे आहे, तशाच बदलावर ते आधी तपासा. कोरड्या वर्षांसाठी वापरायचे असेल तर ओल्या वर्षांवर सूर लावा आणि कोरड्यांवर पाहा. वैनगंगेला हे तंतोतंत लागू आहे. साठच्या-सत्तरच्या दशकातली नदी आणि आजची नदी एक नाही. मध्ये तोतलाडोह झाले, संजय सरोवर झाले; १९८८ मध्ये पायाभरणी झालेल्या गोसीखुर्दमध्ये दोन हजार सालानंतर टप्प्याटप्प्याने पाणी अडू लागले. वर्ध्यावर अप्पर वर्धा, पैनगंगेवर इसापूर. गोदावरी लवादाच्या १९८० च्या निवाड्यात राज्याराज्यांतली जी वाटणी पक्की झाली तिच्यामागे त्याआधीच्या नदीचे आकडे आहेत. आजची नदी पाहून तो काळ उभा करायचा किंवा तो काळ पाहून पुढची नदी सांगायची, तर धरणे मॉडेलमध्ये नीट घालावी लागतात.

आणि धरणे तरी नकाशावर दिसतात. आपल्या झाडीपट्टीत खरे धरण दिसतच नाही. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या चार जिल्ह्यांत सहा हजारांहून अधिक मामा तलाव आहेत, म्हणजे माजी मालगुजारी तलाव. कोहळी समाजाने आणि इतरांनी कित्येक पिढ्यांपूर्वी बांधलेले. एकेक तलाव लहान, पण सगळे मिळून पावसाळ्याचा पहिला घोट तेच घेतात. शिवाय धानाच्या बांध्या. रोवणीनंतर प्रत्येक बांधीत पाणी कोंडून ठेवतात, धुरा फुटू देत नाहीत. परदेशात मक्याच्या शेतासाठी लिहिलेले मॉडेल असे समजते की पाऊस पडला की शेतावरून पाणी ओढ्याला जाते. आपल्याकडे ते बांधीत अडते, झिरपते, सप्टेंबरमध्ये पाटाने दुसऱ्याच्या बांधीत जाते, आणि त्यातले काही नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये ओढ्याला लागते. तलाव आणि बांध्या विसरून सूर लावला तर मॉडेल हा उशीर भूजलाच्या खुंटीवर ढकलते. प्रवाह जुळतो. पण उद्या तलाव गाळाने भरले किंवा धानाची जागा कापसाने घेतली तर काय होईल, असे त्याला विचारले की ते चुकीचे उत्तर देणार. त्याच्या मते ते पाणी खडकातून येत होते ना!

मग चुकीच्या कारणाने जुळलेला ताळा पकडायचा कसा? इथे मिठाचा उपयोग होतो.

मीठ म्हणजे खायचे मीठ नव्हे. सगळ्या नदीच्या पाण्यात खडकांतून, मातीतून विरघळलेले क्षार असतात. क्षार जास्त तितकी वीज पाण्यातून सहज वाहते. म्हणून क्षारता विद्युतवाहकतेने मोजतात, मायक्रोसीमेन्स प्रति सेंटिमीटर या एककात. आष्टी, बामणी, टेकडा या तिन्ही केंद्रांवर प्रवाह आणि गाळ यांच्याबरोबर पाण्याची गुणवत्ताही तपासली जाते आणि त्यात वाहकता असते. धरणांच्या अहवालात या रकान्याकडे कोणी फारसे पाहत नाही. पिण्यालायक आहे ना, झाले. मला मात्र हा रकाना म्हणजे दुसऱ्या मुनिमाने स्वतंत्रपणे लिहिलेली वही वाटते. पावसाचे ताजे पाणी जमिनीवरून धावत येते, त्यात क्षार कमी. जमिनीत महिनोन्‌महिने राहून झऱ्यावाटे येणाऱ्या पाण्यात क्षार जास्त. म्हणून नदीत पाणी किती आहे हे मोजपट्टी सांगते आणि ते कुठून आले आहे हे वाहकता सांगते.

आपल्या दोन नद्यांत तर निसर्गानेच सोय करून ठेवली आहे. वर्धा मुलताईहून आणि पैनगंगा अजिंठ्याच्या डोंगरातून येते, दोघींचा बहुतेक प्रवास काळ्या पाषाणातून आणि काळ्या मातीतून. पुढे कोरपना-राजुऱ्याकडचा चुनखडक, आणि कोळसा खाणींतून उपसलेले पाणी. वैनगंगा सिवनीकडून बालाघाट, भंडारा करत येते ती मोठ्या प्रमाणात ग्रॅनाइट आणि नाइस अशा जुन्या, हट्टी खडकांवरून, जे सहज विरघळत नाहीत. साहजिकच वर्ध्याचे पाणी जड, वैनगंगेचे हलके. चपराळ्याजवळ दोघी मिळतात.

आता एक काल्पनिक हिशेब करू. समजा, उन्हाळ्यात एका दिवशी वर्ध्याची वाहकता ६०० आहे, वैनगंगेची २५०, आणि खाली प्राणहितेची ४००. मधले ओढे आटलेले आहेत असे धरू. तर प्राणहितेतले किती पाणी वर्ध्याचे? २५० पासून ४०० पर्यंत चढ झाला १५०. पूर्ण वर्ध्याचे असते तर झाला असता ३५०. म्हणजे सातातला तीन हिस्से, शेकडा ४३. दुधात पाणी किती हे ओळखण्याचेच हे गणित. आता मॉडेल म्हणते, प्राणहितेत १०० घनमीटर प्रतिसेकंद पाणी आहे, त्यात वर्ध्याचे २० आणि वैनगंगेचे ८०. टेकड्याच्या नोंदीतही १००. ताळा जमला, शाबास! पण या मिश्रणाची वाहकता यायला हवी होती ३२०. नदीत आहे ४००. म्हणजे एकूण बरोबर आणि वाटणी चूक. मॉडेलने वैनगंगेला नसलेले पाणी दिले आहे आणि वर्ध्याचे तितकेच काढून घेतले आहे. अशा मॉडेलवरून गोसीखुर्दच्या खाली उन्हाळ्यात किती उरेल हे सांगितले, तर ते उत्तर चढेच येणार.

या वहीलाही मर्यादा आहेत. वाहकता रोज मोजत नाहीत. दोन नोंदींमध्ये दिवस जातात आणि नेमका पहिल्या पुराचा दिवस निसटतो. उन्हाने पाणी आटले की क्षार मागे राहून आकडा वाढतो, त्याचा हिशेब वेगळा ठेवावा लागतो. खाणीने पंप चालू केला की आकडा वाढतो आणि त्यात झऱ्याचा काही संबंध नसतो. म्हणून ही वही एकटी पुरत नाही. पण पहिल्या वहीशी तिचे जमत नसेल तर त्या भांडणातच शिकण्यासारखे असते.

जगात जिथे समुद्राचे किंवा जमिनीतले मीठ नदीत शिरते, तिथे हे फार आधी ओळखले गेले. कॅलिफोर्नियात क्रॉकेट नावाच्या गावी साखरेचा मोठा कारखाना आहे, खाडीच्या काठावर. त्याला गोडे पाणी लागे, म्हणून कारखान्याचे बार्ज पाणी गोडे मिळेपर्यंत नदीत वर वर जात आणि भरून आणत. किती अंतर जावे लागले आणि पाण्यात क्षार किती होते, हे कारखान्याने १९०८ पासून लिहून ठेवले. हेतू फक्त धंद्याचा. पण वरची मोठी धरणे बांधण्याआधी खारे पाणी कुठवर चढत होते, याचा सर्वांत चांगला पुरावा आज अभ्यासकांना त्या बार्जच्या वह्यांत मिळतो. त्याच भागात अँटिओक या गावाने १९२० मध्ये वरच्या शेतकऱ्यांवर दावा लावला होता: तुम्ही पाणी उचलता म्हणून आमचे पाणी खारट होते. १९२२ मध्ये गाव हरले. आज त्या प्रदेशातली मॉडेले प्रवाह आणि क्षारता या दोन्हींवर तपासल्याशिवाय कोणी पुढे करत नाही.

ऑस्ट्रेलियातल्या मरे नदीची गोष्ट आपल्याला अधिक जवळची. तिथे सिंचनाने आणि जंगलतोडीने भूजल वर आले, जमिनीत साठलेले मीठ त्याच्याबरोबर वर आले आणि नदीत उतरले. दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या मॉर्गन या ठिकाणी ९५ टक्के दिवस वाहकता ८०० च्या खाली राहिली पाहिजे असे उद्दिष्ट ठरले. पण पावसाप्रमाणे वर्षे कमीजास्त खारट होतात, मग कोणाच्या कालव्याने किती मीठ वाढवले हे ठरवायचे कसे? त्यांनी १९७५ ते २००० हा कालखंड पक्का केला, त्या पंचवीस वर्षांच्या हवामानावर मॉडेल चालवायचे आणि नवा प्रकल्प घातला तर मॉर्गनला आकडा किती हलतो ते राज्याराज्यांच्या खात्यावर जमा-नावे मांडायचे. खरी खतावणीच ती.

जवळची म्हणालो ती अशासाठी की आपला जोड कालवा ज्या भागाकडे जाणार आहे, त्यात पूर्णेचा खारपाणपट्टा आहे. अमरावती, अकोला, बुलढाण्यातली शेकडो गावे. विहिरीचे पाणी खारट, माती चिकट, पाणी खाली उतरू न देणारी. तिथल्या लोकांना गोड्या पाण्याची आस आहे आणि ती खरी आहे. मात्र अशा जमिनीत निचऱ्याची सोय न करता कालव्याचे पाणी सोडले की भूजल वर येते आणि मीठ मुळांपर्यंत पोचते. इथे वैनगंगेतून किती पाणी निघेल हा अर्धा प्रश्न झाला. तिकडे जाऊन ते मीठ किती हलवील, हा उरलेला अर्धा. एक मॉडेल दोन्ही टोकांना तपासायला हवे: इथे उन्हाळ्याच्या प्रवाहावर, तिथे विहिरींच्या पातळीवर आणि क्षारतेवर.

माझे मागणे फार मोठे नाही. मॉडेलचा आणि नोंदीचा प्रवाह शेजारी-शेजारी, महिन्यावार, कोरडी वर्षे वेगळी काढून, आणि त्याखाली वाहकता, असा एक तक्ता प्रकल्पाच्या अहवालाबरोबर मराठीत छापावा. चार पाने पुरतील. एकदा एका कार्यालयात मी हे बोललो तेव्हा तिथले साहेब हसून म्हणाले, “एवढं वाचणार कोण?” मी म्हटले, मी वाचीन, आणखी दोघा-तिघांना वाचायला लावीन.

गेल्या वर्षी मी खिशात मावणारा एक वाहकता-मीटर विकत घेतला. एप्रिलमध्ये चपराळ्याला गेलो. प्रशांतधामच्या खाली उतरून एका ढिवर दादाच्या डोंग्यात बसलो. संगमाच्या थोडे वर वर्ध्याच्या बाजूला मीटर बुडवला, आकडा लिहिला. मग वैनगंगेच्या बाजूला, आकडा लिहिला. पहिला दुसऱ्यापेक्षा बराच मोठा होता, खडकांनी सांगितले होते तसाच. दादा बराच वेळ पाहत होता. शेवटी म्हणाला, “काका, पाण्यात काय शोधून राहिले?” मी म्हटले, मीठ. तो हसला, दोन्हीकडचे पाणी ओंजळीत घेऊन एकेक घोट प्यायला, आणि वर्ध्याच्या काठाकडे हात करून म्हणाला, “हे जड लागते. इकडल्यानं डाळ लवकर शिजत नाही.”

मी तारीख, वेळ, दोन्ही आकडे लिहिले आणि त्यापुढे डाळीचेही लिहून ठेवले.